अ‍ॅफिलिएट मार्केटिंग सुरू करायचंय? साधनं जवळपास फुकट आहेत, मग हजारोंचा कोर्स कशाचा?

"घरबसल्या मोबाइलवरून कमवा", "लिंक शेअर करा, पैसे मिळवा" असे मेसेज सध्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरताहेत. बदलापूर पश्चिमेची बेलवली असो, अंबरनाथ असो की उल्हासनगरचा एखादा कॅम्प, कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी जण "मी अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करतो" असं सांगणारा भेटतोच. काहींचं काम खरं असतं. काही मात्र फक्त अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा कोर्स विकत असतात.

आपल्या भागात या विषयाचं आकर्षण का आहे हे समजायला अवघड नाही. बदलापूर ते सीएसएमटी म्हणजे साधारण ६८ किलोमीटर. लोकलने जाऊन-येऊन दिवसाचे तीन-साडेतीन तास सहज जातात. तो प्रवास न करता हातातल्या फोनवर चार पैसे मिळत असतील तर कोणाला नको आहेत? म्हणूनच आज आपण बघू की हे काम सुरू करायला खरोखर कोणती साधनं लागतात, कोणती लागत नाहीत, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत नियम कसे बदललेत. चला तर मग.

आधी थोडक्यात: हे नेमकं काय असतं?

तुम्ही एखाद्या वस्तूची माहिती देता आणि सोबत तुमची खास लिंक देता. त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की कंपनी तुम्हाला कमिशन देते. ग्राहकाला तीच वस्तू त्याच किमतीत मिळते, तुमचा हिस्सा कंपनी तिच्या पैशातून देते. अ‍ॅमेझॉनने आपला असा प्रोग्राम १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केला.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. उल्हासनगरच्या बाजारात गिऱ्हाईक आणून देणारा दलाल पिढ्यानपिढ्या हेच करत आलाय. फरक एवढाच की तिथे दुकानदार माणूस ओळखतो, इथे सॉफ्टवेअर लिंक ओळखतं. लिंकवर क्लिक झालं की ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची छोटी नोंद राहते. अ‍ॅमेझॉनवर ही नोंद साधारण २४ तास चालते. आज क्लिक करून माणसाने परवा दुसऱ्या वाटेने येऊन वस्तू घेतली, तर ती खरेदी बहुतेक वेळा तुमच्या खात्यात येत नाही.

या नोंदीवर डल्लाही मारता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये 'हनी' या पेपालच्या ब्राउझर एक्स्टेन्शनवर आरोप झाला की खरेदीच्या शेवटच्या क्षणी ते क्रिएटरची कुकी काढून स्वतःची बसवतं. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम कडक केले. ग्राहकाला थेट फायदा नसेल तर अ‍ॅफिलिएट लिंक घुसवायला मनाई झाली. थोडक्यात काय, शेवटचा क्लिक ज्याचा, कमिशन त्याचं. या धंद्याचं गणित इथूनच सुरू होतं.

साधन १: प्रोग्रामचं खातं

पहिली गरज म्हणजे एखाद्या अ‍ॅफिलिएट प्रोग्रामचं खातं. नवशिक्यांसाठी दोन रस्ते आहेत.

एक, थेट कंपनीचा प्रोग्राम. उदाहरणार्थ अ‍ॅमेझॉन असोसिएट्स. नोंदणी फुकट आहे. पण नोंदणी झाल्यापासून १८० दिवसांत तुमच्या लिंकवरून किमान तीन खरेद्या व्हायला लागतात, नाहीतर खातं बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी करणं किंवा घरच्यांना करायला लावणं चालत नाही. "तीन खरेद्या काय, आईच्या मोबाइलवरून करून टाकू" असं अनेकांच्या डोक्यात येतं, आणि खातं तिथेच अडकतं.

दोन, एकत्रित नेटवर्क. क्यूलिंक्स, अर्नकरो यांसारख्या सेवा एकाच खात्यातून अनेक दुकानांच्या लिंक देतात. सुरुवातीला हे सोपं पडतं, पण कमिशनचा काही भाग नेटवर्क ठेवतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबनेही भारतात शॉपिंग अ‍ॅफिलिएट प्रोग्राम आणला, फ्लिपकार्ट आणि मिंत्रासोबत. व्हिडिओतच वस्तू टॅग करता येतात. पण त्यासाठी सुरुवातीला १०,००० सबस्क्रायबरची अट होती. म्हणजे हा पहिल्या दिवसाचा रस्ता नाही, पुढचा टप्पा आहे.

एक सोपी कसोटी लक्षात ठेवा: खरा प्रोग्राम जॉइन व्हायला पैसे मागत नाही.

साधन २: स्वतःची जागा

लिंक टाकणार कुठे? इन्स्टाग्राम, यूट्यूब, टेलिग्राम चॅनेल हे सगळं फुकट आहे. पण २९ जून २०२० आठवा. त्या दिवशी सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली आणि लाखो फॉलोअर असलेल्या मुलामुलींचं सगळं काम एका रात्रीत गायब झालं. त्यात महाराष्ट्रातल्या गावागावातले क्रिएटर होते. भाड्याच्या जागेचा मालक कधीही कुलूप लावू शकतो.

म्हणून सोशल मीडियाबरोबर एक स्वतःचं पान असावं. गुगलच्या ब्लॉगरवर ते फुकट होतं. पुढे जमायला लागलं की डॉट इन डोमेन घ्या. त्याला वर्षाला साधारण एक हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाची ऑफर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअल दर आधी बघा. तो बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट असतो.

अजून एक गोष्ट. प्रोग्रामला नोंदणी करताना तुम्ही ज्या साइट, चॅनेल, पेज यांची नावं देता, लिंक तिथेच टाकायची असते. दिसेल त्या फॅमिली ग्रुपवर लिंक फेकण्याआधी त्या प्रोग्रामची नियमावली वाचा.

साधन ३: लोक काय शोधतात हे सांगणारं साधन

इथे बहुतेक जण चुकतात. "बेस्ट मोबाइल" या विषयावर लिहायला देशभरातल्या मोठ्या कंपन्या बसल्यात. त्यांच्यापुढे आपला टिकाव कसा लागणार? शिवाय मोबाइलसारख्या वस्तूंवर कमिशनचा टक्काही फार कमी असतो. कपडे, घरातल्या वस्तू, स्वयंपाकघरातलं सामान यांवर तो तुलनेने बरा असतो. दर बदलत राहतात, त्यामुळे प्रोग्रामचा चालू तक्ता बघूनच विषय ठरवा.

विषय शोधायला गुगल ट्रेंड्स वापरा. त्यात भारत आणि मग महाराष्ट्र निवडता येतं. एखादा शब्द वर्षातल्या कोणत्या महिन्यात वर जातो हे आलेखावर दिसतं. दुसरं साधन तर त्याहून सोपं आहे. गुगलच्या शोधपट्टीत मराठीत अर्धं वाक्य लिहा आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा.

आता बेलवलीत बसून तुमच्याकडे असं काय आहे जे दिल्ली-बेंगळुरूच्या साइटकडे नाही? बरंच आहे. गर्दीच्या लोकलमध्ये छातीशी धरता येईल अशी बॅग कोणती? उल्हास नदीच्या बाजूच्या पावसात कोणता रेनकोट आतून भिजत नाही? नव्या इमारतीत वन-बीएचके घेतलेल्या जोडप्याला आधी काय घ्यावं लागतं? वीज गेली की वायफाय राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस चालतो का? हे प्रश्न इथल्या माणसालाच पडतात आणि त्यांची उत्तरंही इथलाच माणूस खात्रीने देऊ शकतो. मराठीत अशी उत्तरं फारशी सापडत नाहीत. तुमची जागा तिथे आहे.

साधन ४: फोटो, व्हिडिओ आणि मराठी मजकूर

फोन तुमच्याकडे आहेच. पोस्टरसाठी कॅनव्हाची फुकट आवृत्ती पुरते. मराठी अक्षरं तुटकी दिसू नयेत म्हणून 'मुक्ता' किंवा 'बालू' हे फॉन्ट वापरा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने बनवलेले हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. व्हिडिओ कापायला इनशॉट किंवा यूट्यूब क्रिएट चालतं. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर जीबोर्डवर मराठी बोलून लिहा, फक्त नंतर एकदा वाचून दुरुस्त करा.

तीन गोष्टी मात्र टाळा. अ‍ॅमेझॉनच्या पानावरचा फोटो डाउनलोड करून वापरू नका. तिथल्या ग्राहकांचे रिव्ह्यू उचलून आपल्या नावावर छापू नका. आणि लेखात वस्तूची किंमत आकड्यात लिहून ठेवू नका, कारण ती सतत बदलते. या तिन्ही गोष्टी अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत. वस्तू हातात घेऊन स्वतः काढलेला साधा फोटो चकचकीत फोटोपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो, हेही खरंच.

एआयकडून लेख लिहून घेण्याचा मोह होईल. मुद्दे मांडायला त्याची मदत घ्या. पण "ही बॅग मी सहा महिने वापरली" हे वाक्य जर एआयने लिहिलं असेल आणि बॅग तुम्ही बघितलीच नसेल, तर ती थेट फसवणूक आहे.

साधन ५: लिंक आणि आकडे मोजण्याची सोय

अ‍ॅमेझॉनच्या खात्यात वेगवेगळे ट्रॅकिंग आयडी बनवता येतात. यूट्यूबसाठी एक, ब्लॉगसाठी एक, इन्स्टाग्रामसाठी एक असं ठेवलं की कमिशन नक्की कुठून येतंय हे कळतं. ब्लॉग असेल तर गुगल सर्च कन्सोल जोडा. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात हे त्यात दिसतं. दोन्ही फुकट आहेत.

आणि एक गुगल शीट. तारीख, क्लिक, विक्री, परत आलेल्या वस्तू, मिळालेले पैसे आणि झालेला खर्च, एवढे रकाने पुरेत. ग्राहकाने वस्तू परत केली की कमिशनही परत जातं, म्हणून डॅशबोर्डवरचा आकडा म्हणजे खिशातले पैसे नव्हेत. खात्यात रक्कम यायला साधारण दोन महिने लागतात.

साधन ६: पॅन कार्ड आणि कराची समज

कमिशनवर टीडीएस कापला जातो. हा दर आधी ५ टक्के होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के झाला. १ एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंतच्या कमिशनवर तो कापावा लागत नाही, आधी ही मर्यादा १५,००० होती. म्हणजे वर्षात २५,००० मिळाले तर साधारण ५०० रुपये कापले जातील. पण पॅन दिलं नसेल तर हाच दर २० टक्के होतो, म्हणजे ५,००० रुपये! एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेली रक्कम रिटर्न भरून परत मिळवता येते. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख रुपये आहे, त्यामुळे नवशिक्याला तिची चिंता नको.

साधन ७: एक ओळ, जी बहुतेक जण लिहीतच नाहीत

"या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं." बस, एवढीच ओळ. पण ती आता ऐच्छिक राहिलेली नाही.

जाहिरात क्षेत्राची संस्था एएससीआय हिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. २० जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने क्रिएटरसाठी वेगळी सूचना काढली. तिच्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. जाहिरात ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत हवा. आणि व्हिडिओ असेल तर तो दिसायलाही हवा आणि ऐकूही यायला हवा. म्हणजे मराठी रीलच्या तळाशी बारीक अक्षरात इंग्रजी हॅशटॅग टाकून भागत नाही. दिशाभूल केल्याचं सिद्ध झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

कशाची लिंक टाकताय हेही महत्त्वाचं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची रेफरल लिंक पूर्वी सर्रास फिरायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात अशा गेमची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. शेअर बाजारातल्या 'टिप्स' देऊन लिंक खपवण्याच्या भानगडीतही पडू नका. सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते.

मग तो कोर्स कशाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरची यादी पुन्हा बघा. डोमेन सोडलं तर जवळपास सगळं फुकट. शिकवणाऱ्याने शिकवण्याचे पैसे घ्यावेत, त्यात गैर काही नाही. पण काही ठिकाणी पाच-दहा हजारांचं 'पॅकेज' घ्यायला लावतात आणि त्यात शिकवतात काय, तर तेच पॅकेज पुढच्या दोघा-तिघांना कसं विकायचं! वस्तू नाही, ग्राहक नाही, फक्त नवीन भरती. याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणायचं का?

जरा हिशोब करू. समजा प्रत्येकाने फक्त दोघांना जोडलं. पहिल्या पायरीला २, दुसऱ्या पायरीला ४, दहाव्या पायरीला १,०२४. सतराव्या पायरीला एकट्या त्या पायरीसाठी १,३१,०७२ नवीन माणसं लागतात, आणि आधीची सगळी धरून आकडा अडीच लाखांच्या वर जातो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. म्हणजे म्हाताऱ्यांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळं शहर जोडलं तरी शेवटच्या पायरीवरच्यांना गिऱ्हाईक उरत नाही. आणि खालच्या पायऱ्यांवरच्या माणसांची संख्या नेहमीच सगळ्यात जास्त असते.

अशा पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांत मनाई आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ पासून आहे. तरी माणसं अडकतात. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या 'टोरेस' दुकानाबाहेर जमलेली गर्दी आठवते ना? या कंपनीची शाखा कल्याणलाही होती. दर आठवड्याला परताव्याचं आणि नवीन माणसं आणल्यास जादा पैशांचं आमिष दाखवल्याचा आरोप तिच्यावर आहे. तो अ‍ॅफिलिएट प्रोग्राम नव्हता, पण "ओळखीच्या माणसाला आण" हे त्यातलं वाक्य मात्र तेच. यात पैसे तर जातातच, पण मामा, मावशी, शेजारचे काका यांच्याकडे पुन्हा तोंड दाखवायची चोरी होते.

तिसरा प्रकार टेलिग्रामवरच्या 'टास्क'चा. व्हिडिओ लाइक करा, रेटिंग द्या, आधी शंभर-दोनशे रुपये येतात आणि मग "प्रीमियम टास्क"साठी पैसे भरायला सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा अर्धवेळ कामाच्या नावाखाली फसवणाऱ्या शंभराहून जास्त वेबसाइट बंद केल्या. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

खरं उत्पन्न किती?

आता खऱ्या कामाचंही गणित बघू. समजा महिन्याला १,००० लोकांनी तुमचा लेख वाचला, १०० जणांनी लिंक उघडली आणि चौघांनी १,२०० रुपयांची बॅग घेतली. कमिशन ५ टक्के धरलं तर प्रत्येकी ६० रुपये, एकूण २४० रुपये. एकाने बॅग परत केली की १८०. महिन्याला ६,००० रुपये हवे असतील तर याच हिशोबाने ३३,००० हून जास्त वाचक लागतील. आकडे उदाहरणासाठी धरलेत, पण चित्र साधारण असंच असतं.

म्हणजे हे काम वाईट आहे का? अजिबात नाही. फक्त ते हळू वाढणारं काम आहे. पहिले सहा महिने याला नोकरी समजू नका आणि शिक्षण किंवा चालू नोकरी यासाठी सोडू नका. त्या काळात लेखन, व्हिडिओ, आकडे वाचणं हे जे शिकाल ते मात्र कुठेही उपयोगी पडतं.

पहिल्या महिन्यात काय करायचं?

पहिला आठवडा: घरात वापरात असलेल्या दहा वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीचा एक गुण, एक दोष लिहा.

दुसरा आठवडा: ब्लॉग किंवा चॅनेल उघडा आणि दोन वस्तूंवर मराठीत लिहा. लिंक अजून नको.

तिसरा आठवडा: आणखी तीन लेख किंवा व्हिडिओ. त्यातला एक असा करा की ज्यात तुम्हाला काहीच मिळणार नाही. उदाहरणार्थ, लाकडी कपाट ऑनलाइन घेण्यापेक्षा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाऊन हाताने ठोकून बघून घेणं कधी बरं पडतं. ज्याने एकदा तुमचा असा बिनकमिशनचा सल्ला ऐकला, तो पुढच्या वेळी लिंकवरही विश्वास ठेवतो.

चौथा आठवडा: आता प्रोग्रामला नोंदणी करा, पॅन आणि बँक खातं जोडा, लिंक टाका आणि वर कमिशनची ओळ मराठीत लिहा.

खर्च? शून्य रुपये. एवढं झाल्यावर जर कोणी "भाई, दहा हजार भर, सिस्टीम तयार आहे" म्हणत आला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: "या सिस्टीममध्ये वस्तू कोणती विकायची आहे?" उत्तरात वस्तूचं नाव येण्याऐवजी तुमच्या मित्रांची नावं मागितली, तर फोन ठेवून द्या.